डॉक्टरांचा कललेला दिवा

आमच्या कारखान्यातून कललेला दिवा बाहेर जात नाही. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. कारखाना हा शब्द ऐकून कोणी धुराडी डोळ्यांपुढे आणू नयेत. रस्त्याच्या बाजूला दुकान, त्यामागे वायरिंगची खोली, तिच्यामागे धातुकामाची, आणि सर्वांत शेवटी माझी खुर्ची असलेली तपासणीची खोली, एवढाच त्याचा पसारा. जुने दिवे दुरुस्त करणे हे आमच्या घराचे काम. माझ्या सासऱ्यांनी ते सुरू केले, यजमानांनी वाढवले आणि गेली एकवीस वर्षे ते मी चालवते. माझा मुलगा दुकानात बसतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो आणि मागच्या खोल्यांत डोकावत नाही. त्याला माणसे कळतात, दिवे कळत नाहीत, आणि हे त्याचे त्याला ठाऊक आहे.

तपासणीच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर सासऱ्यांनी स्वतः ओढलेली एक उभी काळी रेघ आहे, आणि तिच्यासमोर, गवंड्यांकडे असतो तसला पितळी ओळंबा दोरीने छताला टांगलेला आहे. दुरुस्त झालेला प्रत्येक दिवा या दोरीशेजारी उभा केला जातो. मी खुर्चीत बसून एक डोळा मिटते. दांडी दोरीला समांतर दिसली तरच खोके आणायला सांगते; केसभर फरक असला तरी दिवा माघारी जातो. आमचे मिस्त्री अडतीस वर्षे आमच्याकडे आहेत. नव्या कारागिराला ते पहिल्या दिवशी एवढेच सांगतात, की बाईंनी एक डोळा मिटला की आपले दोन्ही उघडे ठेवायचे.

माझी नात वस्तुसंग्रहालयात नोकरीला लागून वर्ष झाले होते. तेथील वरिष्ठांनी तिच्यावर तिचे पहिले प्रदर्शन सोपवले. विषय तिनेच निवडलेला होता : ऐंशीच्या दशकातले रंगीबेरंगी इटालियन दिवे. त्या प्रदर्शनाच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, दोन्ही हातांत एक मोठे खोके सावरत ती थेट माझ्या खोलीत आली.

"आजी, खोकं नको बघूस, आतलं बघ."

"खोकं बघितल्याशिवाय आतलं कशा अवस्थेत आलं ते कळत नाही. हा कोपरा कुणी चेपला?"

"टॅक्सीच्या डिकीत चेपला. खोक्यालाच लागलंय गं, दिव्याला नाही."

तिने झाकण उघडले. फोमच्या खाचेत दिवा आडवा निजलेला होता. माझ्या आयुष्यात हजारो दिवे माझ्या डोळ्यांखालून गेले असतील, परंतु असा नमुना मी पाहिला नव्हता. तळाशी सनमायका लावलेली जाड फळी, आणि त्या सनमायक्यावर पांढऱ्यात काळ्या अळ्या सोडल्यासारखी नक्षी. फळीवर पिवळाधमक शंकू. शंकूतून निघालेली फिक्या निळ्या रंगाची दांडी. दांडीच्या मध्यावर एक गुलाबी तबकडी, टोकाला लाल चेंडू, आणि चेंडूला लटकलेली अर्धचंद्राच्या आकाराची हिरवी टोपी. बटण बुद्धिबळातल्या प्याद्याएवढे आणि त्याच घाटाचे.

मिस्त्री दारात येऊन उभे राहिले होते. "बाई, कुणीतरी लहान मुलांच्या ठोकळ्यांचा डबा उलथवलाय."

"उलथवलाय आणि मग फेविकॉलनं चिकटवलाय," नात हसत म्हणाली. "मिस्त्रीकाका, त्या काळी तिकडच्या काही डिझायनर मंडळींना कंटाळा आला होता. घरातली प्रत्येक वस्तू करडी, चौकोनी, शहाण्यासारखी वागणारी. त्यांनी म्हटलं, वस्तूनं जरा हसावं, चिडवावं. स्वस्त हॉटेलातल्या टेबलांचा सनमायका घेतला, खेळण्यांचे रंग घेतले, जुन्या देवळांचे खांब घेतले आणि सगळं एकत्र केलं. तेव्हा लोकांनी नावं ठेवली. आता हेच दिवे शोधत लोक देशोदेशी फिरतात."

"आणि उजेड?" मी विचारले.

"उजेडही देतो की."

"ही मधली गुलाबी तबकडी कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

"मग आहे कशाला?"

"ती नुसती असते, आजी."

वायरिंगच्या खोलीतून माझ्या सुनेने मान बाहेर काढली, दुकानाच्या दिशेने एकवार पाहिले आणि म्हणाली, "असतात अशी. आपल्याकडेही एक आहे." आपल्या नवऱ्याविषयीचे हे उद्गार सासूसमोर काढण्याइतकी ती आता जुनी झाली आहे. मी ऐकले नाही असे दाखवण्याइतकी मीही जुनी झाले आहे.

मग नातीने कामाचे सांगितले. दिवा एका निवृत्त दंतवैद्यांचा होता. असल्या दिव्यांचा त्यांना ध्यास, आणि त्यांच्याकडचे अकरा दिवे म्हणजे तिचे अर्धे प्रदर्शन. आजवर त्यांनी एकही दिवा घराबाहेर जाऊ दिला नव्हता. ती चार वेळा त्यांच्या घरी जाऊन आली, तेव्हा कुठे ते कबूल झाले. या एका दिव्याची वायर कडक होऊन तडकली होती, म्हणून तो तिने आमच्याकडे आणला.

"फक्त वायर, होल्डर आणि बटण. बाकी कशालाही हात लावायचा नाही. तसं मी सही करून दिलंय त्यांना. मी आज बाहेरगावी चाललेय दुसऱ्यांकडचे दिवे आणायला, गुरुवारी येते. शनिवारी उद्घाटन आहे. फोटो आईच्या फोनवर टाकलाय. आजी, ऐकतेयस ना?"

"मला बहिरी झालेली कधी पाहिलीस?" मी म्हणाले.

माझ्या सुनेचा हात वायरिंगमध्ये फार स्वच्छ आहे. त्या दिव्यात मूळची होती तशीच कापडी वेष्टणाची पिवळी वायर तिने कुठूनशी मिळवली, होल्डर बदलला, बटणाचे आतले पाते नवे बसवले आणि बुधवारी सकाळी दिवा उभा करून माझ्या खोलीत आणला. नेहमीप्रमाणे तिने तो ओळंब्याशेजारी ठेवला. मी डोळा मिटला.

दिवा डावीकडे चांगला चार बोटे कललेला होता.

"खोक्याचा कोपरा," मी म्हणाले. "मी सोमवारीच म्हटलं होतं. मिस्त्रींना बोलवा."

सून जागची हलली नाही. तिने पदर खोचला, फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "आई, फोटोतही तसाच आहे."

मी चष्मा लावून पाहिले. दिवा कोणत्याशा टेबलावर ठेवलेला होता आणि खरोखरच डावीकडे झुकलेला होता.

"फोटो काढणाऱ्याचा हात वाकडा आहे."

"मग टेबल सरळ कसं आलं?"

"तू फोनकडे बघतेस, मी दिव्याकडे बघते. आपल्याकडे दिवे फोनवर तपासत नाहीत."

"तिनं हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"जे बिघडलेलं नाही त्याला हात लावू नका असं तिनं सांगितलंय. वाटेत वाकलेली दांडी तशीच परत पाठवली तर उद्या ते डॉक्टर कुणाला बोल लावतील? तुझ्याच मुलीला. तिच्या सहीवर तो दिवा आलाय."

हे माझे म्हणणे मला त्या वेळी पूर्णपणे बरोबर वाटले होते, आणि ते मी येथे मुद्दाम लिहून ठेवते. कारण आपण चुकत असताना आपल्याला कधीच तसे वाटत नसते. सुनेने दिवा पुन्हा आडवा केला. तिने घातलेली वायर तिनेच पुन्हा ओढून बाहेर काढली, आणि काढताना प्रत्येक हिसक्याला माझ्याकडे पाहिले.

मिस्त्रींनी दांडी बोटांनी चाचपली. शंकूच्या वर चार बोटांवर पाइपाला बाक होता. तेथे त्यांनी भिंग धरले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, रंग कुठं तडकलेला नाही."

"म्हणजे?"

"पाइप धक्क्यानं वाकला तर रंग तडकतो. हा एकसंध आहे. आधी वाकवून मग रंगवल्यासारखा."

"परदेशी रंग आहे, मिस्त्री. आपल्याकडच्यासारखा पापुद्रा धरत नाही."

त्यांनी भिंग खिशात ठेवले. अडतीस वर्षांत त्यांनी माझ्याशी वाद घातल्याचे मला तीनदा आठवते, आणि तिन्ही वेळा ते हरले होते. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," असे म्हणून ते कामाला लागले. पाइप चेपू नये म्हणून त्यांनी त्यात बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचे मारली, फडक्यात गुंडाळलेल्या लाकडी खाचेत बाक अडकवला आणि हळूहळू, श्वास धरून, दांडी उजवीकडे आणली. कुठेतरी टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज झाला. फडके काढल्यावर दिसले, की त्या ठिकाणी निळ्या रंगाला केसाएवढी चीर गेली होती, आणि ती दांडीभोवती अर्ध्यापर्यंत फिरली होती. सून म्हणाली, "रंगानं बुजवता येईल." मिस्त्रींनी पाइपातली वाळू ओतून काढली.

दिवा ओळंब्याशेजारी ठेवला. दोरी आणि दांडी यांच्यामधून सूतभर उजेड वरपासून खालपर्यंत सारखा दिसत होता. माझे समाधान झाले. मग सुनेने वायर पुन्हा घालून बटण दाबले, आणि हिरव्या टोपीतला उजेड थेट खाली, त्या पिवळ्या शंकूवर पडला. टेबलावर जराही पडला नाही. स्वतःचेच पाय उजळून दाखवणारा दिवा मी तोवर पाहिलेला नव्हता. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि मी ती बोलून दाखवली नाही. त्या बुधवारची सर्वांत वाईट गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले, तर ती हीच.

गुरुवारी दुपारी नात आली. प्रवासाने थकलेली होती, तरी येताना दारातूनच, "झाला का आमचा विदूषक?" असे ओरडत आली. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर मात्र ती थांबली. दिव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा दिव्याकडे. तेथेच ठेवलेल्या लाकडी पेटीवर ती बसली.

"आजी, तो तसाच होता."

सून आणि मिस्त्री तिच्या मागोमाग आत आले. ती पुढे म्हणाली,

"मुद्दाम तसा होता. सगळेच तसे आहेत. ज्यानं तो केला, त्यानं आधी दांडी वाकवली आणि मग रंगवली."

मिस्त्री भिंतीवरच्या रेघेकडे पाहू लागले. "आधी वाकवून" हे शब्द त्यांचेच होते, पण त्यांनी तोंडातून अक्षर काढले नाही. सुनेनेही काढले नाही. माझ्या घरातल्या माणसांचे हे वळण आहे, आणि ते मीच लावलेले आहे.

"आता काय होईल?" सुनेने लेकीला विचारले.

"त्यांना कळलं तर अकरापैकी एकही दिवा देणार नाहीत. करारात तसं आहे. मग प्रदर्शनात अर्धी दालनं रिकामी. वर्षभर मी..." तिने वाक्य सोडून दिले. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपे गेले असते. रडणाऱ्याला मी गप्प करू शकते.

मिस्त्री खाकरले. "ताई, मी पुन्हा वाकवून देतो. होता तसा. फोटो आहे ना?"

"आणि चीर?" नातीने दांडीकडे बोट दाखवत विचारले.

"ती मी रंगवते," सून म्हणाली. "मी रंगवलेलं भिंगातूनही दिसणार नाही, तुला माहितीय. कुणाला कळणार?"

 नात माझ्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेत मला दोन गोष्टी दिसल्या. आजीने हो म्हणावे, असे तिला फार वाटत होते. आणि आजीने हो म्हटले, तर पुढे ती माझ्या कोणत्याच हो-ला पूर्वीइतकी किंमत देणार नव्हती.

"दिवा खोक्यात घाला," मी म्हणाले. "डॉक्टर या वेळी घरी असतात का?"

"आजी, फोन करून..."

"फोनवर असल्या गोष्टी सांगत नाहीत. टॅक्सी बोलाव. आणि या खेपेला खोकं डिकीत जाणार नाही, माझ्या मांडीवर राहील."

डॉक्टरांनी दार स्वतः उघडले. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असावेत. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, केस नीट बसवलेले. ते आम्हाला आत घेऊन गेले तेव्हा माझ्या डोळ्यांना टेकायला जागा मिळेना. एक दिवा जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा, एक बगळ्याच्या पायांवर उभा, एक पट्टेरी खांबांचा, तर एक असा, की दिवा कुठला आणि भिंत कुठली तेच कळू नये. या सगळ्यांच्या मधोमध एक साधी लाकडी खुर्ची, तिच्यापुढे साधे टेबल, आणि टेबलावर एक मोकळी जागा.

"अरे वा, झाला?" त्यांनी आनंदाने विचारले.

"झाला, आणि बिघडवलाही," मी म्हणाले. "मी तो सरळ केला."

त्यांना प्रथम अर्थच लागला नाही. त्यांनी खोक्यातून दिवा काढला, टेबलावरच्या मोकळ्या जागी ठेवला, वायर जोडली, बटण दाबले. खुर्चीत बसून त्यांनी वर्तमानपत्र हातात धरले. उजेड शंकूवर पडत होता. कागद अंधारात होता. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती मांडीवर ठेवली.

"सव्वीस वर्षं मी या दिव्याखाली पेपर वाचतोय," ते म्हणाले. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "कुणी केलं हे?"

"डॉक्टर, जबाबदारी माझी आहे," नात म्हणाली. "सही माझी..."

"तू थांब. सही तुझी असेल, हुकूम माझा होता."

"तुमच्या लक्षात आलं नाही, की तो मुद्दाम तसा केलेला आहे?"

"लक्षात येण्यासारखं सगळं समोर होतं. सुनेनं फोटो दाखवला. मिस्त्रींनी रंग दाखवला. मी माझ्या दोरीकडे बघत होते." मग त्यांना ओळंब्याचा प्रकार सांगावा लागला. मी तो सांगितला. त्यात सासऱ्यांना पुढे केले नाही आणि माफीचे शब्दही शोधत बसले नाही. माफी मागायची सवय नसली, की ती वाईट मागितली जाते, हे मला त्या खोलीत कळले. "चूक माझी आहे. ती या मुलीच्या पदरात पडू नये, एवढ्यासाठी मी आले."

डॉक्टरांनी दिवा मालवला.

"माझा धंदा तुम्हाला ठाऊक असेल," ते अखेर म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांचे दात सरळ केले. तारा लावल्या, पट्ट्या लावल्या. आया मुलांना घेऊन यायच्या, डॉक्टर, एवढा एक जरा पुढे आलाय. एवढा एक! संध्याकाळी घरी आलो, की मला एक तरी वाकडी गोष्ट लागायची, जी सरळ करून द्या म्हणून कुणी माझ्या मागे लागणार नाही."

"आणि ती तुम्ही आमच्याकडे पाठवलीत."

"नेमकी तुमच्याकडे." ते हसले नाहीत, परंतु त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. "पुन्हा वाकवता येईल?"

"येईल. पण एकदा वाकवलेला पाइप तिथंच पुन्हा वाकवला तर तुटूही शकतो. तुटणार नाही असा शब्द मी देत नाही."

नातीला राहवले नाही. "डॉक्टर, बाकीचे दहा?"

ते उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बोलले. "आज तुम्ही आला नसतात आणि शनिवारी मी हा दिवा तिथं पुन्हा वाकवलेला पाहिला असता, तर मला कळलं असतं. सगळे अकरा मी तिथूनच घरी घेऊन आलो असतो." ते वळले. "बाकीचे दहा जातील. याचं उद्या ठरवू. वाकवताना मी समोर असणार. आणि ती चीर रंगवायची नाही."

"माझ्या सुनेनं रंगवली तर दिसणारसुद्धा नाही," मी म्हणाले. चुकीच्या वेळीही माझ्याकडून घरच्या माणसाच्या कामाची बाजू घेतली जाते.

"म्हणूनच नको," डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते आले, ते काखेत वर्तमानपत्र घेऊन. तपासणीच्या खोलीत माझी एकच खुर्ची आहे. तिच्यात मी त्यांना बसवले आणि स्वतः उभी राहिले. हे पाहून माझा मुलगा दुकान सोडून दारापर्यंत आला, आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर परत गेला.

कामाचा प्रकार असा ठरला. फोटोवरून बाक अंदाजाने समजत होता, नेमका समजत नव्हता. डॉक्टरांनाही तो आकड्यांत सांगता येईना; त्यांना एवढेच ठाऊक होते, की टेबलाच्या या कडेशी पेपर धरला, की पानाच्या वरच्या अर्ध्या भागावर उजेड यायचा. म्हणून त्यांच्या घरच्या टेबलाएवढ्याच उंचीचे टेबल पुढे घेतले, डॉक्टर पेपर धरून बसले, आणि मिस्त्रींनी दांडीत पुन्हा वाळू भरली. ओळंब्याची दोरी मिस्त्रींच्या कोपराला लागत होती; ती मी बाजूला बांधायला लावली.

दर खेपेस मिस्त्री सूतभर वाकवत, वाळू काढत, सून तात्पुरती वायर सोडून बल्ब लावी, आणि आम्ही सगळे एका वर्तमानपत्राकडे पाहत असू.

"नाही," डॉक्टर म्हणत.

पुन्हा वाळू, पुन्हा खाच.

"नाही. अजून."

"डॉक्टरसाहेब, पेपर हलवू नका हो," सून म्हणाली.

"मी हलवत नाही, मला वाचता येत नाहीये."

"काय वाचताय?"

"हवामान."

"मग नका वाचू, चुकीचंच असतं," मिस्त्री पाइपावरची नजर न काढता म्हणाले, आणि त्या सकाळी प्रथमच खोलीत कोणीतरी हसले.

सहाव्या खेपेला पाइपातून पुन्हा तो बारीक आवाज आला. मिस्त्रींचे हात जागच्या जागी थिजले. नातीने डोळे मिटून घेतले. मी पुढे होऊन भिंग धरले. चीर अर्ध्यावरून पाऊण झाली होती, परंतु ती रंगातच होती. खालचे पोलाद शाबूत होते. "धातू धरून आहे," मी म्हणाले. "मात्र ही शेवटची खेप. याहून पुढं मी नेऊ देणार नाही. मग पानावर उजेड पडो न पडो." डॉक्टरांनी मान हलवली.

सुनेने बल्ब लावला. उजेड टेबलाच्या कडेवरून पुढे आला, पानावर चढला आणि वरून चारपाच ओळींवर थांबला. अर्धे पान काही उजळले नाही. डॉक्टरांनी पेपर जरा वर उचलला, जरा मान खाली घेतली, आणि वाचू लागले. दोनएक मिनिटे ते वाचत होते. 

"पूर्वीसारखा नाही," ते म्हणाले. "पण वाचता येतंय. प्रदर्शनात राहू दे."

नातीने आईचा हात घट्ट धरला. मिस्त्रींनी कपाळ पुसले आणि ते भिंतीला टेकले. मी मात्र अजून उभीच होते, कारण काम संपलेले नव्हते. वस्तुसंग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद असतो. वस्तूवर कुठे डाग आहे, कुठे चीर, तिच्यावर कोणी काय दुरुस्ती केली, हे सारे त्यावर लिहावे लागते आणि तो कागद पुढे कायम त्या वस्तूसोबत राहतो. नातीने तो आणला होता. टेबलाच्या कोपऱ्यावर तो ठेवून ती लिहू लागली आणि एका ओळीपाशी अडली.

"दांडी सरळ केली आणि पुन्हा वाकवली, एवढं लिहिलं. कुणी, इथं काय लिहू? कारखान्याचं नाव टाकते."

"माझं टाका," मिस्त्री म्हणाले. "माझ्याच हातून झालं. माझं काय जातंय?"

"मिस्त्री, तुमच्या हातून झालं ते माझ्या तोंडून निघालं होतं. तुम्ही रंग एकसंध आहे म्हणालात, तेही त्यात यायला हवं. लिही गं. कारागिरानं रंगाची खूण दाखवून दिली होती. सुनेनं फोटो दाखवला होता."

"आई, ते कशाला लिहायचं?" सून म्हणाली.

"फोटोतलं टेबल सरळ आहे, असं तू म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते."

"मग लिहायचं."

तिने मान खाली घातली. पण हसू लपवायला तिला वेळ पुरला नाही, आणि मला ते दिसल्याचे मी तिला कळू दिले. डॉक्टर वर्तमानपत्राच्या वरून आमच्याकडे पाहत होते.

"या दोन्हींकडे दुर्लक्ष करून दांडी सरळ करण्याचा हुकूम," मी सांगत गेले आणि नातीचे पेन माझ्या मागोमाग धावत गेले, "ज्यांनी दिला, त्यांचं नाव."

येथे मी माझे संपूर्ण नाव सांगितले. माझे, यजमानांचे आणि आडनाव. तिने ते लिहिले. मी ते तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावले, आणि मग खाली सही केली.